तळ्याच्या वळणावरची फळी

फोरेनरीड
१८ एप्रिल २०२३

चि. कोर्बिनियान,

पाकिटावरचं अक्षर ओळखून ते न फोडताच खिशात कोंबलं असलंस तर बाहेर काढ. मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली, आता मी कुणाला नापास करू शकत नाही. पत्ता तुझ्या आईकडून घेतला. ती म्हणाली, फोन करा की. मी म्हटलं, फोनवर तो थापा मारतो. कागदावर त्याला ते कधी जमलं नाही, म्हणून तर निबंधाची वही कोरी द्यायचा.

काम असं आहे. पंचायतीने गावाभोवती सायकलचा रस्ता आखायचा घाट घातलाय. चौतीस किलोमीटरचा फेरा, सात ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी माहितीचा फलक, आणि शेवटी चर्चसमोरच्या खानावळीत बिअर. सरपंच हास्लिंगरने शहरातल्या कुणाकडून तरी संगणकावर नकाशा काढून घेतला. मी माझी बॅटरीची सायकल काढून त्या नकाशाबरहुकूम निघाले, ती थेट ब्रुनहुबरच्या शेणखड्ड्याशी पोचले. तो पलीकडे उभाच होता. म्हणाला, ‘‘बाई, सातवं ठिकाण हेच का?’’

मग बैठकीत मी सांगितलं की ज्या मुलाने माझ्या वर्गात एका वर्षात एक्कावन्न दांड्या मारल्या, तो ते एक्कावन्न दिवस सायकलवर कुठे भटकत होता हे त्यालाच विचारा. सगळे हसले आणि काम माझ्या गळ्यात आलं.

तर सांग. मारियाच्या देवळीपासून जुन्या काचभट्टीकडे जायला सायकल चालेल अशी वाट आहे का? गिरणीचा पूल किती वजन धरतो? टेहळणीच्या टेकडीवरून सरहद्दीपलीकडचं बोहेमिया खरंच दिसतं, की हास्लिंगरच्या मनाला दिसतं? आणि शेवटचं, जे मला रोज छळतंय. तळ्याच्या वळणावर मयताची एक फळी, माणूस गेला की आपल्याकडे वाटेवर उभी करतात तसली, एकटीच उभी आहे. नाव नाही, साल नाही, वरच्या अंगाला निळ्या रंगात एक चाक काढलंय. बाकी सगळ्या फळ्या देवळीच्या वाटेवर रांगेत आहेत आणि त्यांच्यावरची नावं मला पाठ आहेत. ही कुणाची? चर्चच्या मृत्यूच्या नोंदी चाळल्या, थांग लागत नाही.

उत्तर शाईने लिही.

तुझी,
ओटिलिए आंगेरर


ब्रेमरहाफेन
२ मे २०२३

आंगेररबाईंना नमस्कार,

बाई, कोंबलं होतं. सोबतचा पोर विचारायला लागला कुणी मेलं का, म्हटलं नाही, शाळा आली.

मी इथे बंदरावर नव्या कोऱ्या मोटारी जहाजात चढवतो. दिवसाला शंभर गाड्या चालवतो आणि एकही दोनशे मीटरच्या पुढे जात नाही. म्हणून तुमचं पत्र वाचून डोळ्यांपुढे आख्खा फेरा आला. आता लिहून घ्या.

देवळीच्या मागे बीचची दोन झाडं आहेत, त्यांच्यामधून घुसायचं. वाट आहे असं वाटणार नाही, तरी घुसायचं. तीसएक पावलांवर जुन्या बैलगाड्यांची चाकोरी लागते, ती भट्टीपर्यंत नेते. शेवटचा उतार वाईट आहे, काचेचे तुकडे अजून मातीतून वर येतात, हिरवे असतात, टायरसाठी वाईट पण खिशासाठी चांगले. गिरणीचा पूल माणसाला धरतो, बॅटरीला नाही. उतरा आणि ढकला. टेकडीवरून बोहेमिया दिसतं, पण पाऊस पडून गेल्यावरच, आणि ते आपल्याकडच्या जंगलासारखंच दिसतं, त्यामुळे पाव्हण्यांना हात करून दाखवायला एक माणूस ठेवा. ब्रुनहुबरच्या मागून सफरचंदाच्या बागेतून जाता येतं. तो ओरडेल. त्याला त्याच्या गाईचं नाव घेऊन विचारा कशी आहे, मग फाटक उघडतो. गाय बदलली असेल, आधी चौकशी करा.

एक्कावन्न नव्हत्या बाई. त्रेपन्न. दोनदा तुम्ही स्वतःच आजारी होतात.

बारीकशी एक गंमत विचारतो, भट्टीच्या भिंतीवर घुबड अजून असतं का?

कोर्बी


फोरेनरीड
२१ मे २०२३

चि. कोर्बी,

बीचच्या झाडांमधून घुसले. चाकोरी आहे. अडुसष्टाव्या वर्षी स्वतःच्या गावात नवी वाट सापडावी याचा आनंद काय असतो ते तुला आता कळणार नाही. घुबड आहे, त्याने माझ्याकडे मी तुझ्याकडे बघायचे तसं बघितलं. गाईचं नाव आता लिझल. फाटक उघडलं, वर त्याने मला भाजलेल्या मांसाचा पाव खाऊ घातला.

पण मी सात गोष्टी विचारल्या काय आणि चार विचारल्या काय, तू एक नेहमी गाळतोस. तळ्याच्या वळणावरची फळी?

ती मला आता नुसती उत्सुकता म्हणून नको आहे. तळ्याशेजारी झेंझी राहते, तुला आठवत असेल, त्र्याऐंशीची आहे, कोंबड्यांवर ओरडते. ती त्या फळीपुढे रोज सकाळी स्टूल घेऊन बसते. मी म्हटलं, कुणाची गं ही? तर म्हणाली, ‘‘तुम्ही शोधताय ना, मग शोधा. मलाही कळू दे.’’ आणि आत निघून गेली.

हास्लिंगर त्या फळीला सातवं ठिकाण करायचं म्हणतो. निनावी आहे, लोक थांबतील, फोटो काढतील. वर छप्पर घालू, दरवर्षी वार्निश मारू म्हणतो. मी त्याला म्हटलं, तुझ्या आजीने हे ऐकलं असतं तर तुला झाडूने मारलं असतं. माणूस ज्या फळीवर शेवटचा निजला ती रस्त्याकडेला उभी करायची आणि ऊनपावसाला सोडून द्यायची. ती कुजून पडली की जीव सुटला. वार्निश मारून कुणाला अडकवून ठेवायचंय तुला? तर म्हणतो, बाई, हल्ली कुणी मानत नाही. झेंझी मानते.

ओ. आंगेरर


नॉर्वे, बेटावरून
११ जून २०२३

आंगेररबाईंना,

पत्ता बदलला. मोटारींचा कंटाळा आला. इथे समुद्रात जाळ्याचे पिंजरे आहेत, त्यात मासे वाढवतात, मी त्यांना खाऊ घालतो. बेटावर सहा किलोमीटर रस्ता आहे, मग समुद्र. मुकादमाची सायकल मागून घेतली होती, वीस मिनिटांत सगळा देश बघून झाला.

फळीचं राहून गेलं होतं. मला वाटतं लाकूडतोड्यांनी लावली असेल कधीतरी. ते गंमत म्हणून काहीही करतात. त्यात शोधण्यासारखं नाही. खरं तर मी म्हणेन फेरा तळ्यावरून नेऊच नका. उन्हाळ्यात तिथे डास इतके की सायकलवाला थांबणार नाही. त्यापेक्षा सातवं ठिकाण म्हणून मधमाश्यांचं घर घ्या, पाद्रीबाबांच्या बागेतलं. ते सुंदर आहे आणि त्याला मालक आहे.

झेंझी आजी रोज बसते हे मला माहीत नव्हतं. कधीपासून?

कोर्बी


फोरेनरीड
२९ जून २०२३

कोर्बी,

तू विचारलंस कधीपासून. अकरा वर्षं.

परवा तिने मला आत बोलावलं, चहा दिला आणि सांगितलं. तिचा भाऊ क्विरिन. एकोणीस वर्षांचा. एकोणीसशे त्रेपन्नच्या ऑक्टोबरात सायकलवरून जंगलात गेला, सरहद्दीकडे, तेव्हा तिच्यावर काटेरी तारा आणि बंदुकांचा पहारा होता. पलीकडे त्यांच्या आत्याचं घर होतं, तिची काही खबर आणतो, रविवारपर्यंत परत येतो म्हणाला. तो आला नाही, सायकल आली नाही, कुणी पत्र पाठवलं नाही. झेंझी तेव्हा तेरा वर्षांची. तिच्या आईने त्याची फळी लावू दिली नाही. जिच्यावर कुणी निजलं नाही ती फळी नव्हे, नुसतं लाकूड, म्हणायची. ती म्हातारी तशीच गेली. म्हणून क्विरिनला फळी नाही, आणि फळी नाही तर कुजणार काय आणि सुटणार काय.

आणि मग अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी तिच्या घरासमोर ही उभी. चाक काढलेली. झेंझीचं म्हणणं असं की तो सायकलवर गेला हे ज्याला माहीत होतं त्यानेच चाक काढलं, आणि फळी केली म्हणजे त्याला फळीवर निजलेला बघितलं. म्हणजे तो कसा गेला हे सांगू शकणारा माणूस अकरा वर्षांपूर्वी जिवंत होता, आणि या भागात होता.

फलकाच्या मजकुराबद्दल तिने मला एकच विनंती केली. ती तिच्याच शब्दांत देते. ‘‘खाली लिहा बाई, ज्याने ही लावली त्याने समोरच्या घराचं दार वाजवावं. मी रागावणार नाही. मला फक्त विचारायचंय.’’

फलक पंधरा जुलैला छापायला जायचेत. मी हे लिहू का? लिहिलं तर ती उरलेली सगळी वर्षं दाराकडे कान लावून बसेल. तुला वाटाड्या म्हणून विचारलं होतं. आता वेगळं विचारते. लाकूडतोडे कोणते, कोर्बी?

ओ. आंगेरर


बेटावरून
६ जुलै २०२३

बाई,

लिहू नका. फळी मी लावली.

तेरा वर्षांचा होतो. पोस्टमनने टाकून दिलेली हिरवी सायकल माझ्याकडे होती, तीन गिअरची, तुम्ही पाहिली आहे. भट्टीच्या उतारावर तिची दांडी मोडली. सावत्र बाप म्हणाला भंगारवाला येईल गुरुवारी, दे त्याला. मला ते सहन झालं नाही. तुम्ही हसाल, हसा. घरात माझं असं म्हणायला तेवढंच होतं, आणि तिच्यावर बसलो की मी मंद आहे असं कुणी म्हणू शकत नव्हतं, कारण कुणी गाठूच शकायचं नाही.

म्हणून मी आपल्याकडे करतात ते सगळं केलं. गोठ्याच्या जमिनीची एक जुनी फळी काढली, तिच्यावर सायकल निजवली. मग रात्री तळ्याच्या वळणावर पुरली, कारण तिथून उतार सुरू होतो आणि तिला उतार आवडायचा. फळी उभी केली, चाक काढलं. नाव लिहिलं नाही. सायकलचं नाव काय लिहिणार.

झेंझी आजी कधी डोक्यातही आली नाही. ती कोंबड्यांवर ओरडते एवढंच माहीत. क्विरिनचं नाव मी तुमच्या पत्रातच पहिल्यांदा वाचलं.

आता तुम्ही असं करा. तिला सांगा की कोणा लाकूडतोड्याने लावली आणि तो वारला. म्हणजे ती वाट बघायची थांबेल आणि फळीही तिची राहील. कुणाचं काही जात नाही. मी इथे इतका लांब आहे की मला काही सांगायची गरजच नाही.

लिहिताना तीन कागद फाडले. शाईनेच लिहिलंय.

कोर्बी


फोरेनरीड
१७ जुलै २०२३

कोर्बी,

हसले नाही.

सातवा फलक मी रोखून धरलाय. हास्लिंगरला सांगितलं, मजकूर अपुरा आहे. तुझा लाकूडतोड्या मी झेंझीला देणार नाही. तिला मेलेला माणूस नकोय, उत्तर हवंय. खोटं उत्तर दिलं तर ती त्याचं नाव विचारेल, मग गाव विचारेल, मग त्याच्या बायकोला भेटायला मला सायकलवर पाठवेल. तू तिला ओळखत नाहीस.

तुझं पत्रही मी तिला वाचून दाखवणार नाही. ते तिच्या नावावर आलेलं नाही. पत्ता खाली देते. चष्मा लागतो, म्हणून अक्षर मोठं काढ.

आणि मंद तुला मी कधी म्हटलं नाही. आळशी म्हटलं. म्हणायला नको होतं, आळशी माणूस गोठ्याची फळी उचकटत नाही.

ओ. आंगेरर


फोरेनरीड, तळ्याशेजारी
२४ ऑगस्ट २०२३

कोर्बिनियान,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग चुलीत घातलं. अकरा वर्षं मी एका सायकलपुढे मेणबत्ती लावली. तुझ्या मोडक्या सायकलला आमच्या घरातल्या सगळ्या गोष्टी माहीत आहेत, माझं गुडघ्याचं ऑपरेशनसुद्धा.

मी रागावणार नाही असं बाईंना म्हटलं होतं. रागावले. त्या केक घेऊन आल्या, मी दार उघडलं नाही, तेव्हा केक कोंबड्यांच्या जाळीवर ठेवून गेल्या. त्यांना आधीपासून माहीत होतं याचाही राग आहे. पंधरा दिवस स्टूल बाहेर नेलं नाही. सोळाव्या दिवशी सकाळी पाय आपोआप दाराकडे वळले, मग कळलं की सवय तिथे बसायची होती, फळी कुणाची का असेना.

क्विरिन कसा गेला ते सांगणारा आता कुणी नाही, हे मात्र तुझ्यामुळे पक्कं झालं. सत्तर वर्षांत पहिल्यांदा. याचे आभार मानायचे की तुला शिव्या द्यायच्या ते अजून ठरत नाही.

दोन गोष्टी विचारते, नीट उत्तर दे. सायकल फळीवर किती वेळ होती? आणि तेवढा वेळ तिच्याजवळ कुणी बसलं होतं का? का विचारते ते विचारू नकोस.

क्रेसेंत्सिया, सगळे झेंझी म्हणतात


बेटावरून
९ सप्टेंबर २०२३

झेंझी आजी,

सकाळचं दूध काढून झाल्यापासून संध्याकाळच्या दुधापर्यंत. मी जवळ बसलो होतो. बाईंच्या त्रेपन्न दांड्यांतली ती एक. खरं तर मयताला फळीवर तीन दिवस ठेवतात हे मला माहीत होतं, पण गोठ्यात गाई परत यायच्या होत्या. बसून काय करायचं ते ठाऊक नव्हतं, म्हणून साखळी पुसली. भाकरीचा तुकडा खाल्ला. तोंडाने काही म्हटलं नाही.

आजी, माफी मागत नाही, मागितली तर तुम्हाला ‘असू दे’ म्हणावं लागेल. मी मुकादमाकडून आठ दिवसांची रजा घेतलीये. तो म्हणाला घरी कुणी आजारी आहे का? मी म्हटलं सुतारकाम आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि क्विरिनची फळी करतो, नावासकट, सालासकट, देवळीच्या वाटेवर बाकीच्यांच्या रांगेत उभी राहील अशी. गोठ्याचं लाकूड नाही, गिरणीतून नवं.

दोन अडचणी आहेत. एक, लाकूड कोणतं? लार्च घेतलं तर पंचवीस-तीस वर्षं हलणार नाही, दिसतंही देखणं. स्प्रूस घेतलं तर आठ-दहा वर्षांत भुगा. गिरणीवाला लार्चच देतो म्हणतो, पण मी तुम्हाला विचारल्याशिवाय घेणार नाही.

दुसरी अडचण मोठी. तुमच्या आईचं म्हणणं बाईंनी मला कळवलं होतं. जिच्यावर कुणी निजलं नाही ती नुसतं लाकूड. मला ते मोडायचं नाही. तेरा वर्षांचा होतो तेव्हाही मोडलं नव्हतं. पण क्विरिन कुठून आणणार? इथे पिंजऱ्यावर उभा राहून दिवसभर हाच विचार करतो, मासे उपाशी राहतात, मार्ग दिसत नाही. तुम्ही म्हणालात तर नुसतं नाव कोरून देतो, लोकांना कळणार नाही. तुम्हाला कळेल म्हणून विचारतो.

कोर्बी


फोरेनरीड, तळ्याशेजारी
२० सप्टेंबर २०२३

कोर्बी पोरा,

स्प्रूस. लार्च घेतलंस तर मी त्याच्या आधी वर पोचेन आणि तिथेही त्याची वाट बघत बसेन. इथे सत्तर वर्षं बसले तेवढं पुरे. रंग एकच हात द्यायचा. हास्लिंगर वार्निशचा डबा घेऊन आला तर तू पुढे हो, तू उंच आहेस.

लांबी घरी येऊन घे. स्वयंपाकघराच्या चौकटीवर आईने सुरीने केलेली त्याची खूण आहे, तो गेला त्या उन्हाळ्यातली. माझ्या खुणेच्या वर बरीच आहे.

बाईंना आत घेतलं. केक बरा होता, कोंबड्यांनाही आवडला. त्या विचारत होत्या तळ्यावरच्या फलकावर काय लिहू. मी म्हटलं काही लिहू नका, तिथे माझ्या घरासमोर एक बाक टाका. सायकलवाले दमून येतात, तळं बघत बसतील. तुझी फळी आहे तिथे राहू दे. तिच्यावर कुणी निजलं होतं, जवळ कुणी बसलं होतं. आई असती तर तिनेही चालवून घेतलं असतं.

आता तुझी मोठी अडचण. फळी आधी इथे आण, स्वयंपाकघरात, दोन खुर्च्यांवर आडवी ठेव, खूण आहे तिकडे डोकं. निजायचं मी बघते. आम्ही दोघं एका पलंगावर वाढलो, तो कोणत्या कुशीवर निजायचा, हात कुठे ठेवायचा, मला सगळं ठाऊक आहे. त्याच्या वाटणीचं माझ्याइतकं कुणी निजू शकणार नाही. चढायला स्टूल लागेल, ते आहे. तू आणि बाई जवळ बसा. सकाळच्या दुधापासून संध्याकाळच्या दुधापर्यंत, तू बसला होतास तेवढंच. मध्ये बोललात तरी चालेल, भूक लागली तर खा.

संध्याकाळी मी उठेन. तो उठणार नाही. मग नाव लिहायला घे.

झेंझी